मैल्याची नाव आणि तिचा घाट

(मंडळाच्या सदलगा येथील वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून येथे छापत आहोत. – संपादक)



या मेळाव्यात दरवर्षी सीमाप्रश्नावर बोलले जाते. १९५६ ची राज्य पुनर्रचना, महाजन आयोगाचा अहवाल, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा, हे सगळे इथल्या प्रत्येक घराला तोंडपाठ आहे. आजही आम्ही सीमेवरच बोलणार आहोत, पण जरा वेगळ्या वाटेने. विषय ऐकून कोणी नाकाला पदर लावला तर आमची हरकत नाही. विषय आहे माणसाच्या मैल्याचा. शहरातला मैला शहराबाहेर नेण्यासाठी जगाने नावा कशा बांधल्या, त्या कुठे यशस्वी झाल्या, कुठे फसल्या, आणि त्यातून आपल्या दूधगंगेच्या काठाने काय घ्यायचे, एवढेच मांडायचे आहे.

राजकीय व्यासपीठावर हा विषय कशाला, असे काही ज्येष्ठांनी आम्हाला आधीच विचारले. आमचे उत्तर असे की, नदी ही या भागातली सर्वात जुनी राजकीय गोष्ट आहे. मलिकवाड कर्नाटकात आणि नदीपलीकडचे दत्तवाड महाराष्ट्रात. मधल्या पाण्याला कोणी कागद विचारत नाही. त्या पाण्यात काय मिसळते, हाही मग दोन्ही राज्यांचा प्रश्न होतो.

आपल्या भाषेपासून सुरुवात करू. माणसाच्या मैल्यापासून केलेल्या खताला मराठीत ‘सोनखत’ म्हणतात. ज्या वस्तूला आपण शिवत नाही तिला आपल्या पूर्वजांनी सोन्याचे नाव दिले, कारण शेतकऱ्याला तिची किंमत माहीत होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याची नगरपालिका मैल्याचे खत करून विकत असे आणि मुठा कालव्यावरच्या ऊसबागायतदारांकडून त्याला मागणी होती. म्हणजे हा व्यवहार आपल्याला परका नाही.

या व्यवहाराची सर्वात मोठी पेढी मात्र जपानात होती. अठराव्या शतकात एडो, म्हणजे आजचे टोकियो, हे सुमारे दहा लाख वस्तीचे शहर होते. त्या शहराचा मैला आसपासच्या खेड्यांतले शेतकरी विकत घेत. शहरात कालवे आणि नद्या होत्या. कासाई नावाच्या शेतीच्या भागाकडे मैला घेऊन जाणाऱ्या नावांना ‘कासाई नावा’ असेच नाव पडले होते. लाकडी पिंपे किंवा नावेचे पोट भरायचे, आणि खाली शेतांच्या काठाला नाव लावून तो माल उतरवायचा. ओसाका शहरात सुरुवातीला मैल्याच्या बदल्यात भाजीपाला मिळे, पुढे रोख चांदी मिळू लागली. भाव इतके चढले की कोणत्या गावाने शहराच्या कोणत्या भागातला मैला उचलायचा यावरून गावागावांत तंटे झाले. भाड्याच्या घरात विष्ठेवर घरमालकाचा हक्क आणि मूत्रावर भाडेकरूचा हक्क, अशीही तिथे वाटणी होती. आज हसू येते, पण ज्या वस्तूची मालकी ठरते ती वस्तू कोणी नदीत ओतत नाही.

चीनमध्येही हेच. अमेरिकेचे शेतीतज्ज्ञ एफ. एच. किंग यांनी चीन-जपानच्या शेतीवर लिहिलेले पुस्तक १९११ मध्ये निघाले. त्यात शांघाय शहराचा एक आकडा आहे. १९०८ साली तिथल्या आंतरराष्ट्रीय वसाहतीने घरोघरचा मैला उचलण्याचा हक्क एका चिनी ठेकेदाराला विकला. वर्षाचा मैला ७८,००० टन, आणि ठेकेदाराने वसाहतीला दिले ३१,००० सोन्याच्या डॉलरहून अधिक. इथे लक्षात घ्या, ठेकेदाराने पैसे घेतले नाहीत, दिले. आज आपल्या गावात टँकरवाला येतो तेव्हा पैसे आपण मोजतो. जमेची बाजू खर्चाला कशी गेली, हे पुढे पाहू.

या पद्धतीचे गोडवे गाऊन मोकळे होणे मात्र चुकीचे ठरेल. कच्चा मैला शेतात पडत असल्यामुळे त्या देशांत जंतांचा उपद्रव फार मोठा होता. मैला नीट कुजवला, पुरेसा काळ ठेवला, तरच त्यातले रोगजंतू आणि जंतांची अंडी मरतात. आणि नाव भरणारा माणूस शेवटी हातानेच ती भरत होता. पुढे रासायनिक खते आली, मैल्याचा भाव पडला. मग त्याच जपानने शहरांचा मैला खोल समुद्रात नेऊन टाकण्यासाठी जहाजे लावली. नाव होतीच, पण तिचे जायचे ठिकाण बदलले. पुढे कायद्याने तेही बंद झाले.

आता लंडनकडे वळू. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटचे काम चालवणे कठीण झाले. राज्यकर्त्यांच्या नाकापर्यंत वास गेला तेव्हा पैसा मंजूर झाला. इंजिनिअर जोसेफ बॅझलगेट यांनी शहराखाली मोठी गटारे बांधली आणि सगळा मैला शहराच्या पूर्वेला, बेक्टन आणि क्रॉसनेस या दोन ठिकाणी थेम्समध्ये सोडला. शहर स्वच्छ झाले. घाण फक्त काही मैल खाली सरकली. ३ सप्टेंबर १८७८ रोजी त्याच परिसरात ‘प्रिन्सेस अॅलिस’ ही सहलीची आगबोट दुसऱ्या जहाजाला धडकून बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. माणसे मैल्याने भरलेल्या पाण्यात पडली होती, त्यावरून पुढे मोठा गदारोळ झाला.

त्यानंतर लंडनने मैल्यातला गाळ वेगळा काढून तो समुद्रात नेण्यासाठी खास जहाजे बांधली. १८८७ साली पहिले जहाज निघाले, त्याला बॅझलगेट यांचेच नाव दिले होते. जहाजाच्या पोटात बंद टाक्या होत्या. किनाऱ्यावरून नळाने गाळ भरायचा, थेम्सच्या मुखाबाहेर जायचे, झडपा उघडायच्या आणि रिकामे होऊन परत यायचे. शंभराहून अधिक वर्षे हा क्रम चालला. ग्लासगो शहरासाठी ‘शील्डहॉल’ नावाचे असेच वाफेचे जहाज १९५५ मध्ये पाण्यात उतरले. त्याच्या खालच्या टाक्यांत मैल्याचा गाळ, आणि वर उन्हाळ्यात सहलीला नेलेली सुमारे ऐंशी माणसे, त्यांच्यासाठी बैठकीची खोली. आपले जहाज स्वच्छ आहे असा नगरपालिकेला इतका विश्वास होता. ते जहाज आजही साउदॅम्प्टनला जपून ठेवले आहे.

बांधणीत काही कमी नव्हते. भरताना हात लागत नव्हता, गळती नव्हती, वास नव्हता. तरीही १९९८ च्या अखेरीस युरोपच्या नियमांनी समुद्रात गाळ टाकणे बंद केले आणि ही जहाजे थांबली. न्यूयॉर्कने तर १९९२ मध्येच हे बंद केले होते. जहाज उत्तम होते, पण ते जिथे रिकामे होत होते तिथला समुद्र मरत होता.

न्यूयॉर्कने पुढे काय केले, ते आपल्या उपयोगाचे आहे. जहाजे भंगारात काढण्याऐवजी त्यांना वेगळे काम दिले. शहरातल्या ज्या शुद्धीकरण केंद्रांत गाळातले पाणी काढण्याची सोय नाही, तिथून ती सोय असलेल्या केंद्राकडे गाळ नेण्याचे. २०१४ च्या सुमारास त्यासाठी तीन नवी जहाजे बांधली, प्रत्येकी २९० फूट लांब, आणि पुलांखालून जाता यावे म्हणून उंचीला बेताची. आता जहाज निघते तेही एका धक्क्यावरून आणि पोचते तेही एका धक्क्याला. पोचल्यावर तिथे माणूस असतो, यंत्र असते, नोंद असते.

मित्रहो, एवढ्या सगळ्या इतिहासातून आम्ही एकच गोष्ट घेतली. मैल्याच्या नावेला तीन गोष्टी लागतात. पहिली, माणसाचा हात न लागता ती भरता आली पाहिजे. दुसरी, तिचे पोट गळता कामा नये. तिसरी, तिला उतरायला घाट पाहिजे, म्हणजे जिथे तो मैला कोणीतरी नीट ताब्यात घेईल अशी जागा. एडोला तिसरी गोष्ट होती, पहिली नव्हती. लंडनला पहिल्या दोन होत्या, तिसरी नव्हती. नाव बांधणाऱ्याने आधी घाट पाहावा आणि मग नाव बांधावी, हा त्याचा अर्थ.

आता आपल्या नदीकडे येऊ. दूधगंगेत कोणी मैल्याची नाव चालवली नाही, चालणारही नाही. काळम्मावाडीच्या धरणापासून खाली येडूर-कल्लोळच्या परिसरात कृष्णेला मिळेपर्यंत नदीवर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की बरगे घालतात, पाणी अडते, शेताला आणि नळाला मिळते. त्यामुळे उन्हाळ्यात नदी वाहत नाही, एकामागून एक तळी साचून राहतात. ही सोय शेतीसाठी फार मोठी आहे. पण त्याच तळ्यात गटार सोडले तर ते पुढे जाणार नाही, तिथेच तुंबून राहील. मग बरगे काढले किंवा पहिला वळीव झाला की सगळे काळे पाणी एकदम खाली येते. पंचगंगेवर तेरवाडच्या बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत.

नाव नाही, तर आपला मैला कशातून जातो? टँकरमधून. सेप्टिक टँक उपसणारा तीन-चार हजार लिटरचा टँकर हीच आपली नाव. पंप लावून ओढायचे म्हणजे भरताना हात लागू नये, आणि लोखंडी पोट, म्हणजे गळू नये. दोन गोष्टी झाल्या. तिसरीचे काय? आपल्या दारातून निघालेला टँकर रिकामा कुठे होतो, हे या सभेत बसलेल्या किती जणांना सांगता येईल? आम्ही दहा-बारा घरी विचारले. पैसे किती दिले हे सगळ्यांनी सांगितले. कुठे गेला, हे एकालाही सांगता आले नाही.

आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. घरबांधणीच्या कर्जासोबत येणारी अंदाजपत्रके आमच्या हातांखालून जातात. त्यात पायापासून रंगापर्यंत सगळ्या ओळी असतात. ‘सेप्टिक टँक’ ही ओळही असते. पण तो टँक दर दोन-तीन वर्षांनी उपसावा लागेल, त्याचा खर्च किती, अशी ओळ आमच्या पाहण्यात आली नाही. घर चाळीस वर्षे टिकायचे आणि त्याच्या पोटातली टाकी कधीच रिकामी करायची नाही, असा हा हिशेब आहे.

उलट अभिमानाने सांगितले जाते, ‘आमची टाकी वीस वर्षांत भरली नाही.’ बंधू-भगिनींनो, जी टाकी वीस वर्षांत भरत नाही ती गळते आहे. तिच्या तळाला किंवा भिंतींना गिलावा नाही, पाणी जमिनीत मुरते, आणि शेजारच्या आडापर्यंत, बोअरपर्यंत जाते. गाळ खाली घट्ट होत जातो, टाकीतली जागा संपते आणि मग आत गेलेला मैला तसाच्या तसा बाहेरच्या गटारात येतो. आपले सदलगा हे जैन परंपरेचे गाव. आचार्य विद्यासागर महाराजांचा जन्म १९४६ साली इथेच झाला. पाणी गाळून प्यायचे, हा इथल्या कितीतरी घरांचा नेम आहे. नेम चांगला आहे. पण काविळीचा विषाणू कापडाच्या गाळणीत अडकत नाही. जे पाण्यात जाऊच नये ते गाळून कसे काढणार?

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. दूषित पाण्यातून पसरणारी ती कावीळ. एवढे मोठे वस्त्रोद्योगाचे शहर, पंचगंगेच्या काठावर वसलेले, आणि पंचगंगेचे पाणी पिण्याची सोय उरली नाही. मग कृष्णेचे पाणी, आणि पुढे सुळकूडजवळून आपल्या दूधगंगेचे पाणी न्यायची योजना पुढे आली. कागल तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांनी त्याला कडाडून विरोध केला, आपल्याकडच्या गावांतूनही आवाज उठला. आमचा रोख इचलकरंजीच्या तहानलेल्या माणसावर नाही. तो आपलाच माणूस आहे. पण एक नदी घाण झाली म्हणून दुसरीकडे हात गेला, ही साखळी ओळखा. दूधगंगाही तशीच झाली तर आपण कोणत्या नदीकडे हात करणार?

इथे आम्हाला एक कटू गोष्ट बोलायची आहे. आपल्यात एक समजूत आहे की हा भाग महाराष्ट्रात गेला की सगळे प्रश्न सुटतील. सीमाप्रश्नावरची आमची निष्ठा आपण जाणताच. पण पंचगंगा उगमापासून नृसिंहवाडीच्या संगमापर्यंत पूर्ण महाराष्ट्रात आहे. तिची अवस्था कोणत्याही कन्नड अधिकाऱ्याने केलेली नाही. राज्य बदलल्याने टाकी उपसली जात नाही. दावा न्यायालयात चालू दे, आपला लढा चालू दे, पण टाकी निकालाची वाट पाहत नाही.

दोन राज्यांनी ठरवले तर करता येते, याचा पुरावा आपल्याच नदीवर आहे. काळम्मावाडीचा दूधगंगा प्रकल्प हा महाराष्ट्र आणि कर्नाटकाचा संयुक्त प्रकल्प आहे. कोणाला किती पाणी, हे कागदावर आले. उन्हाळ्यात पाणी कमी आले की आपण त्या कागदावर बोट ठेवून भांडतो, आणि ते योग्यच आहे. मात्र येणारे पाणी कसे असावे, वरच्या गावांनी त्यात काय सोडू नये आणि आपण खालच्यांसाठी काय सोडू नये, यावर बोट ठेवून कोणी भांडल्याचे आम्ही ऐकले नाही. आपणही कोणाचे तरी वरचे गाव आहोत, हे विसरतो.

पुराच्या वेळी तर सगळे हिशेब एक होतात. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण पाहिले. मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर हे मार्ग पाण्याखाली जातात. गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवून माणसे पलीकडे नेल्याच्या आठवणी इथे घरोघरी आहेत. त्या पाण्यात काय मिसळलेले असते? काठच्या प्रत्येक गावातली प्रत्येक तुंबलेली टाकी. जिच्यात तीन वर्षांचाच गाळ आहे ती टाकी पुरात कमी घाण ओकेल. वीस वर्षे साठवलेली टाकी वीस वर्षे ओकेल. पूर आपल्याला थांबवता येत नाही. पण उन्हाळ्यात टाकी उपसून ठेवणे आपल्या हातात आहे.

आता सर्वात अवघड भाग. नाव भरतो कोण? आपली घराणी इथे पिढ्यानपिढ्या आहेत. वाड्याच्या मागच्या अंगाला टोपलीचा संडास होता आणि घरामागच्या बोळातून मेहतर समाजाची बाई पहाटे येऊन तो साफ करून जायची, ही आठवण या सभेतल्या साठीपुढच्या अनेकांना असेल. तिचे नाव किती जणांना आठवते? डोक्यावरून मैला नेण्याची ही पद्धत कर्नाटकात १९७० च्या दशकात, देवराज अर्स मुख्यमंत्री आणि बी. बसवलिंगप्पा मंत्री असताना बंद करण्याचा निर्णय झाला. देशपातळीवर १९९३ चा कायदा आला, मग २०१३ चा. २०१३ च्या कायद्यानुसार संरक्षक साधनांशिवाय कोणालाही सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा गुन्हा आहे, आणि तो फक्त नगरपालिकेपुरता नाही. घरमालकानेही माणूस उतरवला तर तो गुन्हाच. टाकीत साठलेल्या वायूने माणूस काही श्वासांत खाली कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी वारसांना दहा लाख रुपये द्यायला सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, यातच माणसे अजून मरत आहेत हे आले.

गाळ घट्ट झाला की टँकरचा पंप चालत नाही. मग ‘जरा कोणीतरी आत उतरून ढवळा’ असे शब्द येतात. म्हणजे वीस वर्षे टाकी न उपसण्याची किंमत आपण देत नाही, तो उतरणारा देतो. टाकी वेळेवर उपसली तर गाळ पातळ असतो, पंप पुरतो, माणूस वरच उभा राहतो. कोकणात आप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात असताना सफाईचे काम स्वतः करण्याचा हक्क मागितला होता. त्यासाठी १९३२ मध्ये उपवास झाला, आणि गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास धरला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे सोनखत होईल असे साधे संडास करून दाखवले. एका शिकल्यासवरलेल्या मराठी माणसाने हे काम आपले मानले होते. आपण निदान त्याचा हिशेब तरी आपला मानू.

उपाय दूर नाहीत. एक महाराष्ट्रात आहे, एक कर्नाटकात. कृष्णेच्याच काठावर, सातारा जिल्ह्यात, वाई नगरपालिकेने २०१८ पासून ठरावीक वेळापत्रकाने टाक्या उपसायला सुरुवात केली. तक्रार आल्यावर टँकर पाठवायचा नाही, क्रमाने प्रत्येक घरी तीन वर्षांतून एकदा टँकर येणार. खर्च स्वच्छतेच्या करातून, त्या दिवशी घरमालकाने वेगळे पैसे द्यायचे नाहीत. ठेकेदाराला पैसे उपसलेल्या टाक्यांच्या हिशेबाने. आणि टँकर जातो तो रोज ७० हजार लिटर गाळावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रात. म्हणजे वाईने नाव आणि घाट दोन्ही बांधले. त्या गावाखालून वाहिलेले पाणी पुढे आपल्याच येडूरपर्यंत येते.

दुसरे उदाहरण बेंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीचे. २०११ च्या जनगणनेत अठ्ठावीस हजार वस्तीचे ते छोटे शहर. तिथे २०१५ साली असे केंद्र उभे राहिले. टँकर तिथे रिकामा होतो, गाळ मुरवला जातो, वाफ्यांवर सुकतो, मग गावच्या ओल्या कचऱ्याबरोबर त्याचे खत होते. म्हणजे सोनखतच, पण जंतू मारलेले. मोठी यंत्रे नाहीत, उतारावर गाळ आपोआप पुढे जातो. आपल्या मापाच्या गावाला जमेल असे ते काम आहे. ऊस आणि तंबाखूच्या या मुलखात खताला गिऱ्हाईक मिळणार नाही असे कोणी म्हणू नये.

तेव्हा मंडळाने काय करावे, याबद्दल आमची सूचना अशी. मोर्चा आणि निवेदने आपल्याला जमतात, ती करूच. पण त्याआधी स्वतःची वही तयार करू. गल्लीवार स्वयंसेवकांनी प्रत्येक घरी जाऊन चार गोष्टी लिहायच्या. टाकी कोणत्या साली बांधली, तळ आणि भिंती पक्क्या आहेत का, शेवटी कधी उपसली, आणि उपसताना कोणी आत उतरले होते का. ही वही मराठी आणि कानडी दोन्ही घरांची करायची. आड एकच आहे, तर यादीही एकच असू दे.

ती वही घेऊन नगरपालिकेकडे जायचे आणि पाच प्रश्न विचारायचे. गावात उपसलेला मैला कोणत्या ठिकाणी उतरवला जातो? ते ठिकाण नदी आणि ओढ्यापासून किती अंतरावर आहे? प्रत्येक खेपेची नोंद कोणत्या वहीत होते? कामगारांना कोणती साधने दिली आहेत? आणि उपशाचे दर कानडीबरोबर मराठीतही का लावले जात नाहीत? शेवटचा प्रश्न भाषिक हक्काचा आहे, तो आम्ही सोडणार नाही. पण त्याआधीचे चार प्रश्न विचारले तर पाचव्याला वजन येईल. फक्त पाटीच्या भाषेसाठी येणारी माणसे, अशी आपली ओळख अधिकाऱ्यांनी करून ठेवली आहे. गावाचा हिशेब घेऊन येणारी माणसे, अशी ती झाली पाहिजे.

आणि एक गोष्ट तर या सभागृहातूनच सुरू करता येईल. आपल्यापैकी प्रत्येकाने येत्या उन्हाळ्यात आपल्या घरची टाकी उपसून घ्यायची. पंपाने, माणूस न उतरवता. टँकरवाल्याला पैसे देताना विचारायचे, ‘कुठे ओतणार?’ उत्तर आले नाही तर ते वहीत लिहायचे. शंभर घरांनी एकच प्रश्न विचारला की टँकरवालाच नगरपालिकेत जाऊन जागा मागेल, कारण नाव चालवणाऱ्यालाही घाट हवाच असतो.

नावे नोंदवण्यासाठी वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. जाताना निदान आपल्या गल्लीचे नाव लिहून जावे, ही विनंती.

जय हिंद, जय महाराष्ट्र.